प्रोथेरोंचा उत्तरेला गेलेला मुलगा

२२ फेब्रुवारी १९५९, रविवार. ऑल्डरशॉ

काल जिंकलो, पण ग्विलिमचा गुडघा पुन्हा सुजलाय. सकाळी कठडा धरून एकेक पायरी उतरत होता. मी मुद्दाम किटलीकडे तोंड करून उभी राहिले, म्हणजे त्याला लपवायची खटपट नको.

हाच माणूस रस्त्याने जाताना दिसला की आमच्या गिरणीतल्या बायका माग सोडून खिडकीशी धावायच्या. मीही त्यातलीच. चेंडू घेऊन उजव्या कडेने निघाला की सगळं मैदान आधी गप्प व्हायचं, श्वास घेतल्यासारखं, आणि मग एकदम फुटायचं. देशाकडून दोनदा ऑस्ट्रेलियाला जाऊन आला, दुसऱ्यांदा कप्तान म्हणून. कप तेवढा राहिला. दोनदा लंडनला फायनल खेळून हात हलवत परत आलो. यंदा पुन्हा संधी आहे, आणि त्याची बहुधा शेवटचीच.

जेवण झाल्यावर त्याने खिशातून एक पत्र काढलं. कालच आलं होतं म्हणे. सामन्याआधी वाचलं आणि तसंच खेळायला गेला. त्याच्या आईचं होतं. वडील अंथरुणाला खिळलेत, छातीत कोळशाची धूळ भरली आहे, डॉक्टरांनी हात टेकले. शेवटी लिहिलंय, 'तू ये असं ते म्हणत नाहीत. मी म्हणते.'

बारा वर्षांत त्या बापाची एक ओळ आलेली नाही. आमच्या लग्नाला नाही, शीला झाली तेव्हा नाही. तिकडे दक्षिण वेल्सच्या दऱ्यांत रग्बी फुकट खेळतात, पंधराजणांचं, आणि तोच त्यांचा धर्म. आमच्या उत्तरेचं तेराजणांचं, आणि खेळाडूला त्याचे पैसे मिळतात. तिकडचा कोणी इकडे येऊन पैसे घेऊन खेळला की तो बाटला. जुन्या क्लबात त्याला नुसती बिअर प्यायलासुद्धा पाऊल टाकता येत नाही. आणि माझे सासरे, एसाया प्रोथेरो, त्या क्लबचे आद्य भक्त. जन्मभर बादली आणि स्पंज घेऊन पोरांच्या मागे मैदानात धावले.

मी म्हटलं, जायलाच हवं का? त्याने पत्राची घडी घालून ते परत खिशात ठेवलं. माझ्या मते त्याला जायचं नाहीये.

२५ फेब्रुवारी

जातोय. क्लबचे मॅनेजर घरी येऊन तणतणून गेले. कपाचा सामना चौदा मार्चला आहे, त्याच्या आत परत ये म्हणाले. ग्विलिमने मान हलवली, पण हो की नाही ते मला कळलं नाही. त्यांनाही कळलं असं वाटत नाही. शीलाला बहिणीकडे ठेवलं.

२७ फेब्रुवारी. कुमहेलिग

दिवसभर आगगाडी, मग बस, मग चढ. दोन्ही बाजूंना डोंगर, मधे घरांची एकच रांग, टोकाला खाणीचं चाक. ग्विलिम चौदाव्या वर्षी त्या चाकाखाली उतरला तो बाविसाव्या वर्षापर्यंत.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. लहानखुऱ्या, ताठ. त्यांनी मुलाचा चेहरा दोन्ही हातांत धरला, आणि तुटलेल्या नाकावरून अंगठा फिरवला. नाक सिडनीला तुटलं होतं, त्यांनी ते पहिल्यांदाच पाहिलं.

सासऱ्यांचा पलंग पुढच्या खोलीत आणून ठेवलाय, जिना चढवत नाही म्हणून. आम्ही आत गेलो तर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. एवढंच म्हणाले, "मार्गेद, त्या बाईला चहा दे. लांबून आलेली दिसते."

त्या बाईला! म्हणजे मला. शेजारी साडेसहा फुटी मुलगा उभा, तो दिसलाच नाही. मला इतका राग आला की चहा तसाच ठेवून दिला. ग्विलिम स्वयंपाकघरात जाऊन बसला, आणि आता तोच आमचा मुक्काम. मधल्या भिंतीतून खोकला ऐकू येतो.

२ मार्च

सासूबाई उभ्याउभ्या पेंगतात, म्हणून सेवेचं बरंचसं मी घेतलंय. म्हातारा माझ्याशी बोलतो. जीभ तिखट आहे. माझ्या चहाला भांडी धुतलेलं पाणी म्हणाले. मी म्हटलं, तुमच्या तोंडचीच चव गेलीय, चहाचा काय दोष. हसले. हसू लगेच खोकल्यात गेलं आणि भांड्यात काळं पडलं. दौतीतल्या शाईसारखं काळं. कितीदा धुतलं तरी तळाशी राहतंच.

मग तोंड पुसून दिल्यावर डोळे मिटूनच विचारलं, "त्याला खोकला आहे का?"

मी म्हटलं, "कोणाला?"

मी विचारलं, नावाने विचारायला जड जातं का तुम्हाला? त्यांनी मान भिंतीकडे वळवली. मग मीच म्हटलं, नाही, खोकला नाही. आणि चादर जरा जोरातच खोचली.

स्वतः खितपत पडलाय, आणि मुलालाही तसंच काही झालंय का ते हवंय. अशीही माणसं असतात.

४ मार्च

संध्याकाळी हायवेल बीनन येऊन गेला, क्लबचा सेक्रेटरी. हा आणि ग्विलिम एका बाकावर शिकले, एकाच दिवशी खाणीत उतरले, क्लबातही जोडीने खेळले. पुढच्या दाराने आला, सासऱ्यांपाशी टोपी हातात धरून बसला, पुढच्याच दाराने गेला. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. त्याने तिकडे पाहिलं नाही, पण न पाहताना त्याची मान किती आखडली होती ते मी पाहिलं.

तो गेल्यावर सासूबाई बटाटे सोलता सोलता बारा वर्षांपूर्वीचं सांगू लागल्या. ग्विलिम अंगणातल्या नळावर पाणी आणायला गेला होता, म्हणूनच सांगितलं असावं. उत्तरेचा माणूस, आमच्या ऑल्डरशॉच्याच क्लबचा, हॅट डोळ्यांवर ओढून ग्विलिमला न्यायला गुपचूप आला होता. अशा माणसांना या दऱ्यांत पोरं नदीत फेकून देत. याच पुढच्या खोलीत बसून त्याने पैसे टेबलावर मांडले. ग्विलिम म्हणाला, मला नाही जायचं, माझी माणसं इथे आहेत. सासरे शेगडीपाशी उभे होते. त्या हिवाळ्यात त्यांचा खोकला नुकता सुरू झाला होता. ते मुलाला म्हणाले, "घे आणि जा. आणि परत यायचं नाही."

दुसऱ्या दिवशी स्वतः क्लबात गेले. मुलाला काढून टाकायचा प्रस्ताव स्वतः मांडला, भिंतीवरचा त्याचा फोटो स्वतःच्या हाताने उतरवला. बाकीच्यांना तोंडच उघडावं लागलं नाही.

"पहिलं वर्षभर त्याला घर सुटत नव्हतं," सासूबाई म्हणाल्या. "दर पत्रात एकच, येऊ का, खाणीत माझी जागा अजून असेल. मी लिहायला बसले की हे पेन काढून घ्यायचे."

मी सालं गोळा करत राहिले. सासूबाईंचा नवरा आहे, काय बोलणार? पण दगडालासुद्धा कधीतरी पाझर फुटतो.

७ मार्च

ग्विलिम दिवसभर काही ना काही करत असतो. कोळशाची खोली झाडली, मागच्या भिंतीचे दगड नीट लावले, कोंबड्यांचं खुराडं दुरुस्त केलं. पलीकडच्या खोलीत बाप मरतोय आणि हा खिळे ठोकतोय. ठोकणं खोकल्याची उबळ आली की थांबतं, उबळ गेली की पुन्हा सुरू. त्याच्या डोळ्यांत मी अजून पाणी पाहिलेलं नाही. बाप तसा बेटा, दुसरं काय.

सासऱ्यांनी आज पुन्हा तेच विचारलं. परवाही विचारलं होतं. आज माझा तोल गेला. म्हटलं, "नाही, नाही आणि नाही. घोड्यासारखी छाती आहे त्याची. तुम्हाला ऐकायचंच असेल तर गुडघे गेलेत. सकाळी जिना उतरवत नाही. झालं समाधान?"

ते माझ्याकडे बघत राहिले. "गुडघे," म्हणाले. मग हसायला लागले. उबळ येईपर्यंत हसले, उबळीतही हसत होते. मी पाठ धरून बसवलं. श्वास जागेवर आला तसं म्हणाले, "गुडघ्यांनी कोणी मरत नाही, पोरी."

स्वयंपाकघरात येऊन मी ग्विलिमला सगळं सांगितलं, मुद्दामच सांगितलं. कोणासाठी कपाचा सामना पणाला लावून बसलायस ते कळू दे. म्हटलं, इतक्या दिवसांत बापाने तुझ्याबद्दल एकच गोष्ट विचारली, तुला खोकला आहे का. आणि गुडघे गेले ऐकून हसला.

त्याने हातोडी खाली ठेवली. "किती वेळा विचारलं?" म्हणाला.

मी म्हटलं, रोजच म्हण ना.

तो उठून अंगणात गेला, कोळशाच्या खोलीत शिरला आणि दार लावून घेतलं. बऱ्याच वेळाने आला तेव्हा तोंड नळावर धुतलेलं, पुसलेलं नव्हतं. सगळी कॉलर भिजली होती. रागाने बोललाच नाही रात्रीपर्यंत. मला वाटलं, उगाच सांगितलं.

१० मार्च

आज चादर बदलायची होती. सासूबाई दवाखान्यात औषध आणायला गेलेल्या, आणि माझ्या एकटीने सासरे उचलवेनात. ग्विलिम न बोलावता आत आला. म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले. ग्विलिमने एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली घातला आणि मूल उचलावं तसं उचललं. काही वजनच राहिलेलं नाही. मी घाईघाईने जुनी चादर ओढली, नवी घातली. म्हाताऱ्याचं डोकं ग्विलिमच्या छातीवर पडलं होतं, कान शर्टाला टेकलेला. मी म्हटलं, झालं, ठेव आता. ग्विलिमने ठेवलं नाही. तसाच उभा राहिला, मोठमोठे श्वास घेत. दुखऱ्या गुडघ्यावर भार पडत होता, दिसत होतं मला, पण हलला नाही. म्हाताऱ्याला तेवढ्यात झोप लागली असावी, चेहरा अगदी निवळला होता.

मग ठेवलं. टेकवताना म्हातारा त्यांच्या भाषेतला एक शब्द बोलला. ग्विलिमला विचारलं तर म्हणाला, काही नाही. सासूबाई आल्यावर त्यांना म्हणून दाखवला. मला धड उच्चारता येईना, पण त्यांना कळला. "स्वच्छ," म्हणाल्या. "'स्वच्छ आहे', असं म्हणाले असतील."

चादरीबद्दल असणार. चादर खरंच स्वच्छ होती, मी दोनदा उकळली होती. चला, माझ्या हातचं एक तरी पसंत पडलं.

११ मार्च

सासरे गेले. उजाडता उजाडता. सासूबाई हात धरून होत्या. ग्विलिम दारात उभा होता, उंबऱ्याच्या अलीकडे. मुलाशी एक शब्द न बोलता गेले.

१२ मार्च

हायवेल आला. या वेळी मागच्या दाराने. टेबलापाशी उभाच राहिला. शनिवारी दफन. पेटी क्लबची माणसं खांदा देऊन टेकडीवर नेतील, वरून क्लबचं निशाण. ग्विलिमने पुढे डावीकडे खांदा द्यायचा, मुलगा म्हणून, त्यावर कोणाचं काही म्हणणं नाही. नंतर सगळ्यांचा चहा क्लबात. इथे येऊन तो अडखळला.

"नियम मी केलेला नाही, ग्विल," म्हणाला.

"ठाऊक आहे मला."

"प्रस्ताव तुझ्या वडिलांचाच होता. मीच लिहून घेतला होता."

"तेही ठाऊक आहे."

"त्यांच्याच चहाला आम्ही त्यांचाच नियम कसा मोडायचा?"

ग्विलिमने त्याच्यासाठी खुर्ची ओढली आणि म्हणाला, बस, चहा घे. हायवेल बसला. दोघेजण कप संपेपर्यंत बसून होते. त्याच्या जागी मी असते तर तोंडावर दार आपटलं असतं.

शनिवार म्हणजे कपाचा सामना. मी आठवण केली. त्याला माहीत होतंच.

१४ मार्च

या दरीत बायका दफनाला जात नाहीत. आम्ही खिडकीतून पाहिलं. सगळं गाव काळ्या कोटांत, आणि चढावर गाणं. असं गाणं मी कधी ऐकलं नव्हतं. कोणी सुरुवात करून दिली नाही, एकदम सगळ्या रस्त्यातूनच उमटलं. पेटीखाली सगळ्यांत उंच ग्विलिम. गुडघा वाकत नव्हता, पण मागच्यांच्या पावलात पाऊल होतं.

सासूबाई आणि मी हॅम कापत होतो, पाव-लोणी लावत होतो. ताटं क्लबात जात होती. क्लब आमच्या समोरच, रस्त्याच्या पलीकडे. माणसं टेकडीवरून उतरली, एकेक करून दारातून आत गेली. शेवटी रस्त्यावर ग्विलिम एकटाच राहिला. घरी यायचं सोडून क्लबसमोरच्या बुटक्या भिंतीवर जाऊन बसला, पाय लांब करून. आतून भांड्यांचा आवाज, बोलणं, हसणंही. दफनानंतर माणसं हसतातच.

सासूबाईंनी ते खिडकीतून पाहिलं. हात पुसले, एका ताटलीत हॅम, पाव आणि लोणच्याचा कांदा घेतला, वरून रुमाल टाकला. मला म्हणाल्या, "किटली घे."

नवरा मातीत जाऊन तास झालेला नाही, आणि ही बाई भर रस्त्यात जाऊन भिंतीवर मुलाशेजारी बसली. पाय जमिनीला पोचत नव्हते. मी चहा ओतला. तिघांनी तिथेच खाल्लं. हळूहळू आतला आवाज कमी होत गेला, खिडक्यांत तोंडं दिसू लागली. कोणी खिडकी बंद केली नाही, कोणी बाहेरही आलं नाही.

मग हायवेल पायरीवर आला, हातात बिअरचा भरलेला ग्लास. पुढे येईना, मागे जाईना. शेवटी तो ग्लास त्याने सगळ्यांत खालच्या पायरीवर ठेवला, रस्त्याच्या कडेला, आणि आत गेला. ग्विलिमने तो घेतला नाही. बघत मात्र राहिला होता.

संध्याकाळी शेजारच्या रेडिओवर कळलं. ऑल्डरशॉ हरलं. कप संपला.

९ मे १९५९. ऑल्डरशॉ

आज त्याचा शेवटचा सामना. मैदान गच्च. मार्चमध्ये कपावरून त्याला शिव्या घालणारेच आज रडत होते. अर्ध्या खेळात गुडघ्याने दगा दिला, तो लंगडत कडेला आला, आणि सगळं मैदान उभं राहिलं. लोक त्याचं नाव घेत होते आणि तो हात वर करायचं सोडून गर्दीत कोणालातरी शोधल्यासारखं बघत होता. मी हात हलवला, पण त्याची नजर माझ्यावरून पुढे गेली.

३० ऑगस्ट १९९५

या वहीत हल्ली फक्त औषधांच्या वेळा असतात, पण हे लिहून ठेवते. टीव्हीवर सांगितलं की तिकडच्या पंधराजणांच्या रग्बीवाल्यांनीही आता पैसे घेऊन खेळायचं ठरवलं. जुनी बंदी गेली, कोणावर काही डाग राहिला नाही. शीलाचा फोन आला, म्हणाली, डॅडला काय वाटलं? मी म्हटलं, त्याने चॅनल बदलला.

आमचं मैदानही आता नाही. विकलं. तिथे मोठं दुकान झालंय, आणि मागच्या गल्लीला 'प्रोथेरो' नाव दिलंय. पाटीवर स्पेलिंग चुकलं होतं, पत्र लिहून मी बदलून घेतलं. नव्या पोरांना वाटतं, प्रोथेरो म्हणजे एखादं झाड असेल.

१५ मे १९९६. कुमहेलिग

टेकडीवर सासूबाईंची आणि सासऱ्यांची जागा साफ करायला आलो. चढ त्याला झेपणारा नव्हता, पण तो ऐकतो थोडाच. खाणीचं चाक गेलं, डोंगर हिरवा झालाय, नदीत मासे आहेत म्हणे. हायवेलचाही दगड दिसला, सासऱ्यांपासून चार कबरी सोडून. त्या शनिवारी क्लबात चहा घेणारे जवळजवळ सगळे तिथेच आहेत. ग्विलिमने एकेकाचं नाव मोठ्याने वाचलं, हजेरी घेतल्यासारखं.

खाली आल्यावर मी बसच्या थांब्याकडे वळले. तो नाही वळला. सरळ क्लबच्या दारापाशी गेला, थोडा थांबला, आणि आत शिरला. मी मागोमाग.

दुपारची वेळ, आत दोनतीनच माणसं. काउंटरपाशी वीसेक वर्षांची पोरगी ग्लास पुसत होती. ग्विलिमने अर्धा ग्लास बिअर मागितली.

"मेंबर आहात का, आजोबा?" तिने विचारलं.

"नाही."

"मग कोणाबरोबर आलात? मेंबरच्या पाहुण्यालाच देता येते, नियम आहे. माफ करा हं."

मी त्याचा कोट धरून ओढणार होते, चल म्हणून. या माणसासाठी उभं मैदान गायलंय, आणि इथे ही उभ्याउभ्या विचारते. पण त्याला काहीच लागलेलं दिसलं नाही.

"एसाया प्रोथेरो," तो म्हणाला. "त्यांनी मुलाला बोलावलंय."

पोरीने टाचा उंचावून सगळ्या खोलीवर नजर फिरवली. "आलेले दिसत नाहीत अजून," म्हणाली. "हरकत नाही, तुम्ही बसा तोवर. खिडकीपाशी ऊन आहे बघा."

तिने बिअर भरून दिली. मला मेलं कानकोंडं झालं. कोपराने ढोसून हळूच म्हटलं, अरे, काय बोलतोस, त्यांना जाऊन किती वर्षं झाली. तो म्हणाला, माहीत आहे मला. म्हणजे भ्रमही नाही, मग काय समजायचं? घरी गेल्यावर डॉक्टरांना विचारायला हवं.

खिडकीपाशी जाऊन बसला. टोपी काढून समोरच्या खुर्चीवर ठेवली. आमची बस गेली, त्याच्या पुढचीही गेली. लोकांची कामं सुटली तशी खोली भरत आली, माणसांना बसायला जागा पुरेना. दोनतीनजणांनी येऊन ती खुर्ची मागितली. त्याने कोणालाच दिली नाही.